दोनाचे चार: पिकअपच्या पुढच्या चाकांची गोष्ट

 

आपल्याकडे कुणाचे ‘दोनाचे चार’ झाले म्हणजे लग्न झालं. आज मात्र हातांचा नाही, चाकांचा विषय आहे. साधी पिकअप असते ना, इंजिन पुढे आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना? तिची चारही चाकं फिरवायची. फोर बाय फोर करायची. आणि ही कामगिरी गाडी बनवणाऱ्या कंपनीने नाही, बाहेरच्या कुणीतरी करायची. हे कुणी केलं, कधी केलं, त्यातून काय झालं, आणि त्या माणसांपैकी एक जण १९४२ साली थेट भारतात कसा येऊन पोचला, ते सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू, नाहीतर अर्धे लोक ऐकता ऐकताच गॅरेजवाल्याला फोन लावतील. भारतात आज हे स्वतःच्या गाडीवर करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बसत नाही असा बदल गाडीत करता येणार नाही. पूर्ण एक्सल बदलणं हा काही स्टिकर लावण्याचा प्रकार नाही. तेव्हा आज ऐकायचं ते इतिहास म्हणून.

आता मशीन समजून घेऊ. घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे. इंजिन, त्याला चिकटलेला गिअरबॉक्स, त्यातून मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, आणि शेवटी मागच्या एक्सलमधलं डिफरन्शियल. डिफरन्शियल म्हणजे गाडीच्या पोटाखाली भोपळ्यासारखं दिसतं ते. आत क्राऊन आणि पिनियन असतात, ते ताकदीची दिशा काटकोनात वळवून दोन्ही चाकांना देतात. पुढची चाकं बिचारी नुसती वळतात आणि वजन वाहतात.

मग पुढच्या चाकांना ताकद द्यायची तर काय लागतं? पहिलं, गिअरबॉक्समधून आलेली ताकद दोन वाटांनी पाठवणारी एक पेटी. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. दुसरं, पुढे जाणारा आणखी एक शाफ्ट. तिसरं, पुढचा नवा एक्सल, ज्याच्यात स्वतःचा भोपळा आहे. तो भोपळा बरोबर मध्ये ठेवला तर वर इंजिनाचा ऑइल संप आडवा येतो, म्हणून तो एका बाजूला सरकवतात आणि पाटे उंच करून गाडी थोडी उचलतात. इथपर्यंत लोहारकाम म्हणा, फिटरकाम म्हणा, जमण्यासारखं आहे.

खरी गोम चौथ्या गोष्टीत आहे. पुढचं चाक एकाच वेळी वळायलाही हवं आणि फिरवलंही जायला हवं. साधा जॉइंट क्रॉस असतो ना, शाफ्टला असतो तो, तो वाकवून फिरवला की एक खोडी करतो. आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन जितका जास्त तितका हा हिसका जास्त. वळणावर स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. हा हिसका टाळणारा जॉइंट म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी जॉइंट. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये त्राक्ता नावाचा आणि अमेरिकेत फोर्डचा इंजिनिअर आल्फ्रेड झेप्पा याचा गोळ्यांवर चालणारा, असे दोन चांगले उपाय निघाले. आज तुमच्या साध्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांत झेप्पाचाच वारस बसलेला आहे.

आणखी एक बारकावा, जो मला भारी आवडतो. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशो सारखा असला पाहिजे. मागे ३.९ आणि पुढे ४.१ असं झालं तर दोन एक्सल एकाच घरातल्या दोन जावांसारखे एकमेकींना ओढत बसतात. आणि रेशो सारखा असला तरी डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. जुन्या ट्रान्सफर केसमध्ये हा फरक पचवायची सोय नव्हती. चिखलात चाक जरा घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि टायर घासतात. म्हणून जुना नियम: चिखल आला की फोर व्हील, डांबर आलं की परत टू व्हील.

बरं, आता माणसांकडे येऊ.

चार चाकांची ताकद ही कल्पना काही अमेरिकेची मक्तेदारी नव्हे. हॉलंडच्या स्पायकर कंपनीने १९०३ मध्येच चारही चाकं ओढणारी रेसची गाडी केली होती. पण ती चिखलात रोज राबणाऱ्या गाडीपर्यंत आणली ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनविल नावाच्या छोट्या गावाने. ऑटो झाकोव आणि विल्यम बेसरडिक, दोघे नात्यातले, मशीन शॉप चालवणारे. १९०८ मध्ये त्यांनी वळणाऱ्या आणि ओढणाऱ्या पुढच्या चाकाचं पेटंट मिळवलं, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या एफडब्ल्यूडी कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंनी गेले. पण ते मुळातच फोर व्हील म्हणून बांधलेले, जाडजूड, हळू आणि महाग ट्रक. सामान्य माणसाच्या गाडीला त्याचा काही फायदा नव्हता.

इथे एन्ट्री होते आर्थर हॅरिंग्टन याची. जन्म इंग्लंडचा, वाढला अमेरिकेत, लष्करासाठी ट्रकांवर काम केलेला, लोक त्याला कर्नल म्हणायचे. १९३१ मध्ये त्याने इंडियानापोलिसमध्ये वॉल्टर मार्मनबरोबर कंपनी काढली, मार्मन-हॅरिंग्टन. मार्मन हे नाव रेसिंगवाल्यांना माहीत असेल, १९११ ची पहिली इंडियानापोलिस ५०० शर्यत मार्मनच्याच गाडीने जिंकली होती. पण १९३१ म्हणजे महामंदी. आलिशान मार्मन गाड्या कोण घेणार? गाड्यांचा तो धंदा १९३३ मध्ये बंदच पडला. नवी कंपनी मात्र मोठे ऑल व्हील ड्राइव्ह ट्रक बनवून तगली, लष्कराला आणि तेलवाल्यांना. इराकच्या वाळवंटात तेलाची पाइपलाइन टाकताना हे ट्रक वापरले गेले.

मग १९३५ मध्ये त्यांच्या डोक्यात आलं: आपण अख्खा ट्रक कशाला बनवायचा? फोर्ड लाखोंनी ट्रक बनवतो, स्वस्तात बनवतो, व्ही-८ इंजिन आहे, गावोगाव डीलर आहेत. आपण फक्त पुढचा एक्सल आणि ट्रान्सफर केस घालू. फोर्डचा ट्रक इंडियानापोलिसला यायचा, तिथे त्याचं ऑपरेशन व्हायचं, आणि चार चाकांचा होऊन बाहेर पडायचा. आधी दीड टनी, मग काही वर्षांत अर्ध्या टनाच्या पिकअप, लाकडी बॉडीच्या स्टेशन वॅगनसुद्धा. आणि हुशारी अशी की शक्य तिथे फोर्डचेच भाग वापरले. म्हणजे आडगावात गाडी बिघडली तरी पार्ट फोर्डच्या दुकानात मिळणार.

मी कोड लिहून पोट भरते, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटतं. दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर आपलं प्लगइन. प्लॅटफॉर्मची लोकप्रियता फुकट मिळते. प्लॅटफॉर्मच्या मालकाची मर्जी मात्र सांभाळावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरं महायुद्ध आलं आणि या कल्पनेची खरी परीक्षा झाली. दक्षिण आफ्रिकेकडे चिलखती गाड्या नव्हत्या आणि ब्रिटन द्यायच्या परिस्थितीत नव्हतं. त्यांनी कॅनडाहून फोर्ड ट्रकची चासी मागवली आणि तिच्यावर आपल्या पोलादाची बॉडी चढवली. पहिलं मॉडेल, मार्क वन, साधं टू व्हील ड्राइव्ह होतं. रस्ता असेल तिथे ठीक, वाळूत अडचण. दुसऱ्या मॉडेलपासून मार्मन-हॅरिंग्टनचा फोर व्हील ड्राइव्ह आला. मग अशा ५७०० हून जास्त गाड्या बनल्या आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याने त्या पळवल्या. चिलखत दक्षिण आफ्रिकेचं, इंजिन फोर्डचं, पण इतिहासात त्या गाडीचं नाव काय राहिलं? मार्मन-हॅरिंग्टन. ज्याने फक्त पुढची चाकं फिरवली त्याचं! मला यात एक न्याय दिसतो.

आपल्याकडेही तसंच चाललं होतं. कॅनडाच्या चासीवर जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादाची बॉडी चढवून चाकांची चिलखती गाडी तयार झाली. सरकारी नाव लांबलचक होतं, पण सैनिक तिला ‘टाटानगर’ म्हणायचे.

आणि आता तो १९४२ चा किस्सा. जपान ब्रह्मदेशात घुसलेला, सिंगापूर पडलेलं. भारतातून युद्धासाठी आणखी किती माल निघू शकतो हे बघायला अमेरिकेने एक तांत्रिक पथक पाठवलं. प्रमुख हेन्री ग्रेडी, म्हणून ग्रेडी मिशन म्हणतात. त्यातला एक सदस्य होता आर्थर हॅरिंग्टन. त्या वर्षी तो अमेरिकेच्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सचा अध्यक्ष होता.

त्याला इथे काय दिसलं असेल विचार करा. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता, फोर्डचाही मुंबईत होता. पण कारखाना म्हणजे काय, बाहेरून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. स्वतःचं इंजिन ओतणारा, स्वतःचा गिअर कापणारा मोटार कारखाना देशात नव्हता. का नव्हता? इच्छा नव्हती म्हणून नव्हे. सोलापूरचे वालचंद हिराचंद कधीपासून त्यासाठी झगडत होते, विश्वेश्वरय्यांनी योजना करून दिली होती, ३७ साली आलेलं मुंबईचं काँग्रेस सरकार अनुकूल होतं. पण दिल्लीच्या इंग्रज सरकारला त्यात रस नव्हता. युद्धकाळात मोटार कारखाना हा अत्यावश्यक उद्योग नाही, अशी त्यांची भूमिका. रणगाड्यांच्या युद्धात हे म्हणणं! शेवटी १९४४ मध्ये वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली.

ग्रेडी मिशनने अहवाल दिला, कारखाने वाढवा, यंत्रं द्या, माणसं द्या. त्याचं पुढे फारसं काही झालं नाही. ऑगस्टमध्ये इथे ‘चले जाव’ सुरू झालं, आणि अमेरिकेला आपली यंत्रं आपल्या घरीच हवी होती. दुसऱ्यांच्या ट्रकवर आपला एक्सल बसवून कंपनी उभी करणारा माणूस, जिथे ट्रक जोडले जातात पण एक्सल बनत नाही अशा देशात येऊन गेला. एवढंच झालं.

युद्ध संपलं. आता अमेरिकेतल्या लाखो पोरांनी जीप चालवलेली होती. चिखल, बर्फ, चढ, काही असो, गाडी जाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ही पोरं परत शेतावर आली, वीज मंडळात लागली, टेलिफोनच्या तारा ओढायला लागली, आणि त्यांच्या हातात काय आलं? टू व्हील ड्राइव्ह पिकअप. पर्याय होते, नाही असं नाही. डॉजने १९४६ मध्ये लष्करी ट्रकचीच नागरी आवृत्ती काढली, पॉवर वॅगन. दणकट, पण चालवायला लष्करीच. विलिसने १९४७ मध्ये फोर व्हील पिकअप आणली. जुन्या जीप स्वस्तात मिळायच्या. त्या जीपची पुढची चाकं टू व्हीलमध्येही एक्सल आणि शाफ्ट फुकट फिरवत बसायची, पेट्रोल आणि भाग दोन्ही झिजायचे. त्यावर १९४८ मध्ये आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने चाकाच्या हबलाच कुलूप लावायची युक्ती विकायला सुरुवात केली. हाताने फिरवा, चाक मोकळं. पुन्हा फिरवा, जोडलं. किती साधी गोष्ट!

पण देशात सगळ्यात जास्त खपणाऱ्या शेवरलेच्या पिकअपला कंपनीकडून फोर व्हील मिळत नव्हतं. ही जागा भरली मिनियापोलिसच्या नॉर्थवेस्टर्न ऑटो पार्ट्स कंपनीने, म्हणजे नॅपकोने. १९१८ पासूनची पार्टवाली कंपनी. १९५० च्या दशकात त्यांनी ‘पॉवर-पॅक’ नावाचं किट काढलं.

हॅरिंग्टन आणि नॅपको यांच्यात फरक काय तो बघा. हॅरिंग्टनकडे गाडी जायची. नॅपकोकडून पेटी यायची. पुढचा एक्सल, ट्रान्सफर केस, शाफ्ट, कंस, नटबोल्ट. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला न चिकटवता वेगळी टांगलेली, मध्ये एक छोटा शाफ्ट. त्यामुळे मूळ गिअरबॉक्स उघडायची गरज नाही. बहुतेक झिजणारे भाग, ब्रेक, डिफरन्शियलचे गिअर, जनरल मोटर्सच्याच साठ्यातले. डीलरच्या वर्कशॉपमध्ये बसवून मिळायचं. आणि ट्रक जुना झाला की किट काढून नव्या ट्रकला लावा, असंही सांगितलं जायचं. जाहिरातीत डोंगरी बकरी असायची. स्वस्त मात्र नव्हतं हं, साध्या पिकअपच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे त्या किटला जायचे. तरी लोक घ्यायचे, कारण त्यांचा हिशोब वेगळा होता. वादळात तार तुटली आहे, वस्ती अंधारात आहे, आणि तुमची गाडी चार मैलांवर चिखलात रुतून बसली आहे, तर त्या वाया गेलेल्या दिवसाची किंमत काय? ज्याने कधी घाटात रात्री चाक जागच्या जागी फिरताना ऐकलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी जनरल मोटर्सलाच ते किट आपल्या यादीत घ्यावं लागलं. जीएमसीने १९५६ मध्ये आणि शेवरलेने १९५७ मध्ये नॅपकोची प्रणाली कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. बाहेरच्या दुकानाचं काम थेट असेंब्ली लाइनवर! नॅपकोसाठी हा सोन्याचा दिवस. पण मघाचं वाक्य आठवतंय ना? मालकाच्या यादीत जाणं म्हणजे मालकाला तुमचा खप नेमका कळणं. आता किती लोकांना हे हवं आहे, कुठे हवं आहे, किती पैसे देतात, सगळं त्यांच्याच वहीत.

फोर्डने १९५९ मध्ये स्वतःच्या फोर व्हील पिकअप काढल्या. इतकी वर्षं फोर्डच्या जिवावर चाललेलं मार्मन-हॅरिंग्टनचं पिकअपचं काम तिथे आटोपलं. जनरल मोटर्सने १९६० साठी पिकअप मुळापासून बदलली. पुढचा सरळ एक्सल आणि पाटे गेले, टू व्हीलला टॉर्शन बारवरचं स्वतंत्र सस्पेन्शन आलं. नॅपकोचं किट पाट्यांवर बसायचं, आता पाटेच नाहीत! आणि फोर व्हील हवं असेल तर जनरल मोटर्स आपलं स्वतःचं देणार, वेगळं बांधून. कुणी वाईट वागलं असं मला म्हणायचं नाही. पण एपीआय बदलला आणि प्लगइन मेलं, हे आमच्या धंद्यात दर वर्षी होतं. तेच साठ साली लोखंडात झालं.

मार्मन-हॅरिंग्टन मोठ्या ट्रकांच्या एक्सलकडे वळली आणि टिकली. हॅरिंग्टनची कल्पना एवढी पक्की होती की आजही मोठ्या ट्रकला पुढून ओढणारा एक्सल हवा असेल तर त्यांचं नाव निघतं.

नॅपकोची गोष्ट मात्र फिरून आपल्याकडे येते. १९६० च्या दशकात फरीदाबादला एक कारखाना उभा राहिला, नॅपको बेव्हल गिअर ऑफ इंडिया. बेव्हल गिअर म्हणजे तोच भोपळ्यातला, ताकदीला काटकोनात वळवणारा. ज्या देशात ट्रक जोडले जायचे पण गिअर कापला जात नव्हता, तिथे गिअर कापायचा कारखाना. १९४२ मध्ये नेमकी हीच गोष्ट हवी होती. पैसे अमेरिकन सरकारच्या परदेशी मदतीच्या कर्जातून, आणि यंत्रं नॅपकोने पाठवलेली. पण ती यंत्रं नवी नव्हती, अमेरिकेत वापरून झालेली होती. त्यांची अवस्था काय आणि त्यांची किंमत किती लावली, यावरून पुढे अमेरिकेत चौकशी झाली, वॉशिंग्टनच्या राजकारणात त्यावर गदारोळ झाला. 

त्या काळातल्या नॅपको शेवरले आता अमेरिकेत हौशी लोक शोधून शोधून नीट करतात, आणि मूळ किट असलेली गाडी साध्या गाडीपेक्षा कितीतरी महाग जाते. यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, बघा. ट्रान्सफर केस वेगळी टांगलेली स्पष्ट दिसते. मधला छोटा शाफ्ट फिरताना बघायला मजा येते.